चौदा जनावरे आणि पोळ्याची अमावस्या

यमुनेकाठी गुरे राखणाऱ्या त्या सावळ्या परब्रह्मास प्रथम वंदन करितो. गुरांच्या गोष्टी सांगायच्या, तर गुराख्याचे नाव आधी घ्यावे.

वनसमितीत बसणाऱ्या माणसाजवळ किस्से साचतात, जसे देव्हाऱ्याखाली निर्माल्य साचते. आमचे गाव चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. वनखात्याच्या नव्या रोपवनात मोकाट गुरे शिरून कोवळी रोपे खाऊ लागली. ती कोंडवाड्यात घालावीत, हा ठराव मीच मांडला. चौदा जनावरे धरली.

मग वरून कागद आला. पोळ्याच्या सायंकाळपर्यंत मालक आले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी लिलाव. लिलावातली जनावरे पुढे कोठे जातात, हे कागदात नव्हते. त्या दिवसापासून माझी जपाची माळ मध्येच थांबू लागली.

*

आमचे वनरक्षक दिलीपभाऊ. त्यांनी ग्रामसभेत विचारले, "ही गुरं कोणाची?"

एक जण उठून हात जोडून म्हणाला, "बठ्ठं देवनंच शे, भाऊ." सगळे देवाचेच, म्हणून साऱ्यांनी माना डोलावल्या.

दिलीपभाऊ माझ्याकडे वळले. "आबा, देवाला नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवू?"

*

सरकारने गुरांच्या कानांत पिवळे बिल्ले टोचले आहेत. क्रमांक पाहिला की मालकाचे नाव कळते. आम्ही मोठ्या आशेने कोंडवाड्यात गेलो. प्रत्येक जनावराच्या कानाला भोक होते. बिल्ला एकाच्याही कानात नव्हता.

एका गाईचा कान नुकताच कापलेला दिसला. दिलीपभाऊंनी वाकून पाहिले आणि म्हणाले, "बिल्ला कापून वर हळद लावली आहे, आबा. माया आहे लोकांना."

*

पोळा आठ दिवसांवर आला, तेव्हा मी ओळखीच्या एका गोशाळेत फोन केला. तेथील व्यवस्थापक माझी कीर्तने ऐकलेले. त्यांनी प्रकृतीची चौकशी केली, गोसेवेचे माहात्म्य सांगितले. मी चौदा जनावरांचा विषय काढताच त्यांचा स्वर बदलला.

"आबा, दर्शनाला अवश्य या. फक्त येताना गाय आणू नका."

*

कोंडवाड्यात रोज सकाळी बाया पहिली भाकर घेऊन येत. गुरांना घास भरवत, पाया पडत, निघून जात. एकीच्या हाताखाली गाय अशी डोळे मिटून उभी राहिली, की मला राहवले नाही.

"अक्का, ही तुमचीच ना?"

"आबा," ती पदर सावरत म्हणाली, "घास भराले मालकी लागस का?"

*

माझी काळजी घरात लपली नाही. जेवताना मी म्हणालो, "गावाला दया राहिली नाही. एकेकाने एक जनावर नेले, तरी लिलाव टळेल."

सौभाग्यवतींनी ताटात वरण वाढले. "खरं आहे. आपल्या गोठ्यातली मोटारसायकल बाहेर काढा. दोन मावतील."

त्या दिवशी मी दुसऱ्यांदा वरण मागितले नाही.

*

पोळ्याचा दिवस. दुपार कलली तरी कोणी आले नव्हते. दिलीपभाऊ लिलावाचा कागद घडी करून खिशात ठेवत, पुन्हा काढत. मी फाटकाकडे पाठ करून नामस्मरण करीत होतो. गुरांकडे पाहवत नव्हते.

तेवढ्यात गुलाबनाना आले. वय सत्तरीचे, दारात दोन वर्षांपासून ट्रॅक्टर. हातात पुरणपोळीचे ताट, खांद्यावर जुनी झूल.

"पूजा कराले उनू, आबा. आपलं काही लेनंदेनं नही."

"कोणाचीही करा नाना," दिलीपभाऊ म्हणाले.

नाना तेरा जनावरे ओलांडून थेट कोपऱ्यातल्या पांढऱ्या म्हाताऱ्या बैलापाशी गेले. त्यांनी तांब्या वाकवण्याआधीच बैलाने धुण्यासाठी पुढचा पाय उचलला. नानांनी पाय धुतले, शिंगांना गेरू लावला, झूल घातली, पोळी भरवली. एकदाही त्याच्या डोळ्यांकडे पाहिले नाही. मग रिकामे ताट काखेत धरून निघाले.

बैल मागे चालू लागला. दोर नाही, हाक नाही. फाटक उघडेच होते. दिलीपभाऊ बाजूला सरले, मीही सरलो.

नाना रस्त्याला लागले, तेव्हा दिलीपभाऊंनी हाक दिली. "नाना, तो तुमचा नाही ना?"

नानांनी मागे वळून पाहिले नाही.

"ते त्याले सांग, भाऊ."

ऐकणाऱ्या प्रत्येक जिवाचे, त्याच्या घराचे आणि गोठ्याचे कल्याण होवो. कोणाच्या दारचा खुंटा ओस न राहो.