दशरथच्या दगडासमोर खुर्ची नको

पोस्ट बर्फातली होती. नाव सांगून तुम्हाला काही कळणार नाही. मी मोर्टार प्लाटूनमध्ये नायक. मोर्टारची जड लोखंडी बेस प्लेट माझ्या पाठीवर. चढताना पाठ बोलते, उतरताना गुडघे. त्या वयात दोघांचंही ऐकत नव्हतो.

माझ्या हाताखाली लान्स नायक दशरथ होता. उरणच्या द्रोणागिरी डोंगराच्या अंगाचा कोळी. मी गव्हाणचा आगरी. एवढ्या लांब उरण रस्त्यावरचा माणूस भेटला म्हणजे भाऊच. घरून सुके बोंबील आले की तो लंगरच्या, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघराच्या, चुलीवर भाजायचा. आमचे सुभेदार साहेब घाटावरचे. नाक दाबून ओरडायचे, "अरे, कोण मेलं रे तिकडं?"

रोजचं काम ठरलेलं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यावर सज्ज, मग चहा, बर्फ उपसणं, अम्युनिशन तपासणं, परत स्टँड-टू. एका दुपारी समोरून गोळे आले. दशरथच्या मांडीत स्प्लिंटर घुसला. मी गुडघ्यांवर बसलो, फील्ड ड्रेसिंग काढली आणि बांधली. रक्त वर आलं. तिच्यावर दुसरी बांधली. आम्हाला एकच शिकवलं होतं, घट्ट बांधा. बाजूला ऑपरेटर रेडिओवर बोलत होता.

"वन कॅज्युअल्टी. स्ट्रेचर भेजो. ओव्हर."

"रास्ता बंद है. होल्ड करो. ओव्हर."

"कितना टाइम? ओव्हर."

"होल्ड करो."

दशरथ म्हणाला, "अजून आवल." मी आवळलं. स्ट्रेचर आला तेव्हा उजेड गेला होता आणि दशरथही. मला उठता येईना. दोघांनी बगलेत हात घालून उभं केलं.

त्याच्या गावाने वेशीवर त्याच्या नावाचा दगड बसवला. आता त्या रस्त्याने कंटेनर जातात. दरवर्षी त्या तारखेला तालुक्यातले आम्ही माजी सैनिक तिथे जमतो. मी हवालदार होऊन निवृत्त झालो, आणि सगळ्यांत जुना मीच. म्हणून "परेड, सावधान" ही ऑर्डर मी देतो आणि पुष्पचक्रही मीच वाहतो. हा मान मी कोणाला दिलेला नाही.

पासष्टीनंतर गुडघे बोलायला लागले, आणि हळूहळू ओरडायला. डॉक्टर म्हणाले झीज आहे. मी म्हटलं, असू दे. माझी शाळा चौथीपर्यंत, पण कोणापुढे रडायचं नाही एवढं शिकलो होतो. मग आमच्या गावाजवळची उलव्याची टेकडी नव्या विमानतळासाठी फोडायला घेतली, त्या वर्षी ओट्याची पायरीही चढवेना. दशरथच्या दिवसाला महिना राहिला असताना आमच्यातल्या महेशचा फोन आला.

"हवालदार साहेब, या वर्षी तुमच्यासाठी खुर्ची ठेवतो."

"तुझ्या बापाला ठेव."

"त्याला हाय घरी. तुमचं बोला."

मी फोन ठेवला. दशरथसमोर बसून राहायचं असेल तर जायचंच नाही, असं ठरवलं. आणि जायचं तर होतंच. म्हणून मी माझा इलाज केला. बाजारातून गरम पडणारं लाल मलम आणलं, दोन्ही गुडघ्यांना जाड थापलं आणि वरून क्रेप बँडेज फील्ड ड्रेसिंगसारखं बांधलं. एकावर एक. जीव लावून आवळलं. आग व्हायला लागली तेव्हा वाटलं, काम करतंय. आणखी एक वेढा दिला.

संध्याकाळी सोडलं तर पावलं फुगून टम्म. उजव्या गुडघ्यावर भाजल्यासारखे फोड. आमची हिराबाई कंबरेवर हात ठेवून बघत होती. तेवढ्यात टेकडीवर सुरुंग उडाला, भांडी वाजली.

"त्या सुरुंगाला भिणार नाय, आन दवाखान्याला भितात. कसले मिल्ट्रीवाले तुमी?"

दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून तिने मला पनवेलला नेलं. माजी सैनिकांच्या दवाखान्यात फिजिओथेरपीला नसरीन नावाची बाई होती. पनवेलचीच, माझ्या मुलीपेक्षा लहान.

"चाचा, हे वळ कसले? कोणी बांधलं होतं?"

"मी."

"इतकं घट्ट?"

"घट्ट बांधल्याशिवाय थांबतं का?"

"काय थांबतं?"

हिराबाई खिडकीकडे बघू लागली. तिला दशरथचं माहीत होतं. नसरीनबाईने परत विचारलं नाही. फोडांवर औषध लावताना हळूच म्हणाली, "चाचा, ही जखम नाही. इथे रक्त थांबवायचं नाही, फिरू द्यायचंय. आणि गरम मलमावर पट्टी आवळली की कातडी भाजणारच."

इतक्या वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी कोणाला विचारलंही नव्हतं.

आधी फोड बरे होऊ दिले. मग डॉक्टरांनी दुखण्यावरचं जेल दिलं. ते नसरीनबाईने सांगितलं तसं लावायचं. पातळ थर, हलक्या हाताने, वर काही गुंडाळायचं नाही, नंतर हात धुवायचे. चालताना बाजूला पट्ट्या असलेला गुडघ्याचा पट्टा, मापाने घेतलेला, आत बोट जाईल एवढाच. झोपताना काढायचा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाय ताठ करायचा व्यायाम. इथपर्यंत सगळं मी ऑर्डर म्हणून घेतलं. मग तिने काठी काढली.

"जो पाय जास्त दुखतो, त्याच्या उलट्या बाजूच्या हातात धरायची, चाचा."

"काठी म्हाताऱ्यांना."

"तुमचं वय?"

"एकाहत्तर."

तिने काठी पुढे केली. हिराबाई हसली. मी विचार केला, पलटणीत सुभेदार मेजर साहेबही हातात केन, वेताची छडी, घेऊनच चालायचे आणि त्यांना म्हातारं म्हणायची कोणाची छाती नव्हती. काठी घेतली.

झीज भरून निघत नाही, हे तिने तोंडावर सांगितलं होतं. पण आठ-पंधरा दिवसांत सकाळचा ताठरपणा सुटू लागला. ओट्याची पायरी एका दमात चढलो तेव्हा हिराबाईला हाक मारून परत चढून दाखवली. ती म्हणाली, "आता काय तोफांची सलामी देऊ?"

दशरथच्या दिवशी पँटच्या आत पट्टे घातले. काठी महेशकडे दिली. खुर्ची नव्हती, महेशने चुकूनही विषय काढला नाही. परेड सावधान. दोन मिनिटं मौन. डावा गुडघा कुरकुरला, पण उभा राहिला. पुष्पचक्र घेऊन वाकलो, ठेवलं, उठलो, सॅल्यूट केला. कोणी हात दिला नाही. गरज पडली नाही. मागे वळलो तेव्हा पाठीवरून बेस प्लेटच उतरल्यासारखी वाटली.

नंतर दशरथच्या घरी चहा. त्याची बायको जानकीवहिनी. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा तो गेला. तिने जन्मभर उरणच्या बाजारात उकिडवं बसून मासळी विकली. चहा देताना तिने भिंतीचा आधार घेतला.

"भावजी, आज तुमी बरं उभे राहिलात. काय केलात?"

मी सांगितलं. खिशातली जेलची ट्यूब दाखवली.

"जोरात चोलाचा नाय?"

"नाय वहिनी. आन बांधायचं पन नाय. पनवेलला बाई हाय, चांगली हाय. हिरा नेईल तुमाला."

तिने लुगडं जरा वर घेतलं. गुडघे माझ्यासारखेच, वाकडे, सुजलेले. तिने भिंतीवरच्या दशरथच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाली, "यांचे पन गुडघे दुखाला पायजे होते, भावजी."

लान्स नायक दशरथ. वय चोवीस. चढावर तो माझ्या पुढे असायचा, आणि वर पोचला की खाली बघून माझी चेष्टा करायचा.