खडूवरची नीळ

सगळी वस्ती त्याला फूटपट्टी म्हणायची, आणि लाडानं नव्हे. गेली अठरा वर्षं दर महिन्याला तो निरीक्षण विहिरीत, म्हणजे पाण्याची पातळी बघायला मुद्दाम खोदलेल्या बोअरमध्ये, पोलादी टेप सोडायचा. टेपच्या टोकाला खडू फासलेला. खडू जिथपर्यंत भिजेल तिथपर्यंत पाणी. दुष्काळात त्याच्याच आकड्यावर खात्यानं वस्तीतल्या सगळ्या बोअरना सील ठोकलं होतं. पाणी जमिनीखाली पंचवीस मीटरपर्यंत वर आलं की सील निघणार होतं, तोवर नाही.

आता दोन महिने पाऊस कोसळत होता आणि पाणी एकतीस मीटर खोलीवरून हलत नव्हतं. "छतं गळतायत, गटारं तुंबलीयेत, आणि ह्याची विहीर तेवढी तहानलेली," असं दुकानदार त्याला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणायचे. खडकातून पाणी मुरायला महिनेच्या महिने जातात, हे त्यानं सुरुवातीला समजावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. मग त्यानं बोलणंच सोडलं.

घरात तर उघड वैर होतं. मेहुण्याची लाँड्री सील लागल्यापासून कशीबशी चालली होती. या महिन्यात सील निघालं नाही, तर ती कायमची बंद होणार होती.

"माझ्या भावाच्या पोटावर पाय देऊन तुम्हाला काय मिळतं हो?" बायको विचारायची.

"आकडा मी ठरवत नाही."

"लिहिता तर तुम्हीच ना?"

यावर तो आणखी चिडायचा.

मोजणीच्या सकाळी त्यानं दाराजवळच्या खिळ्यावरची किल्ली घेतली, विहिरीचं झाकण उघडलं आणि टेप सोडली. बावीस. त्याला खरोखर आनंद झाला. मनातल्या मनात मेहुण्याच्या बोअरचं सील त्यानं स्वतःच्या हातानं तोडलंसुद्धा. मग त्याचं लक्ष खडूकडे गेलं. खडू निळा झाला होता. त्यानं टेप नाकाशी नेली. साबणाचा वास.

तो झाकणापाशीच बसून राहिला. दुपारी पाणी एकोणतिसावर गेलं. मेहुणा रस्त्यापलीकडून बघत होता, तो शेवटी जवळ आला.

"दाजी, एकदा मोजलंत ना? मग निघा की."

"पिंपभर ओतलंस?"

"हो, ओतलं."

"तेही धुण्याचं?"

"चांगलं पाणी ओतायला आणू कुठून?" मेहुणा म्हणाला. "तुम्ही ठेवलंयत कुठं?"

संध्याकाळपर्यंत टेप पुन्हा एकतिसावर आली. त्यानं वहीत एकतीस लिहिलं. मेहुणा थुंकला आणि निघून गेला.

विहिरीच्या कुलपाला दोनच किल्ल्या होत्या, एक कचेरीत आणि एक घरच्या खिळ्यावर. वाटेत त्यानं हा विचार चार वेळा झटकला. घरी बायकोनं ताट आदळलं, तेव्हा तिची नखं दिसली. कडेनं निळी होती.

"काय लिहिलंत?"

"एकतीस."

त्यानं हात धुतले. अठरा वर्षांत पहिल्यांदाच त्यानं किल्ली खिळ्याला न अडकवता खिशात घातली. तिनं ते पाहिलं.

"झोपताना उशाखाली ठेवा," ती म्हणाली. "घरात चोर आहे."