बसून न राहणारे प्रवासी

विमानतळाच्या दारात पोलिसानं माझ्या वडिलांना, अप्पांना अडवलं, तेव्हा ते बाहेरूनच ओरडले, "पंखाजवळची सीट माग! तिथंच विमान लय मजबूत राहतं!" लोक हसले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ओझरच्या कारखान्यात अप्पांनी उभा जन्म विमानांच्या पत्र्यांना रिव्हेट मारण्यात घालवला, पण लढाऊ विमानात फिटरला कोण बसवतंय? घरातून पहिली उडाले ती मी, शिकायला अमेरिकेत.

तिथेही नशिबी विमानच आलं, तेही संगणकातलं. केबिन उभारायची, माणसं बसवायची, एकाला खोकायला लावायचं आणि ते कण हवेबरोबर कुठवर जातात ते बघायचं. एका खोकल्यासाठी मशीन आठवडाभर घरघरायचं आणि शेवटी 'एरर' दाखवायचं. 'इकडे असतीस तर एव्हाना दोन पोरांची आई झाली असतीस,' असं तुम्ही शाळेतल्या मैत्रिणी पत्रात लिहायच्यात. तो एरर बघून मला ते पटायचं.

२००३ साली, सार्सची साथ आली त्या वर्षी, अप्पा रिटायर झाले आणि मी त्यांचं माझ्याकडे यायचं सिंगापूरमार्गे तिकीट काढलं. आयुष्यातलं पहिलं विमान. सगळ्या कॉलनीला सांगून झालं. साथीच्या बातम्या आल्या तेव्हा मी फोनवर धीर दिला, की आमच्या मॉडेलमध्ये दोन-तीन रांगांपलीकडे फारसा धोका दिसत नाही.

"तुझी माणसं जागची हलत नाय का?" अप्पा म्हणाले. "पोरी, आपलं माणूस डबा उघडला की चार रांगांना चिवडा वाटून येतं. गाववाला दिसला तर तिथंच टेकतं."

डोकं फिरलं माझं. पीएचडी मी करतेय की हे? पण खरंच, आम्ही सगळ्यांना खुर्चीला खिळवून ठेवलं होतं. चरफडत एक चालता माणूस घातला. त्याच्यामागे हवा ओढली गेली आणि कण पार शेवटच्या रांगांपर्यंत पोचले. माझ्या मार्गदर्शक सरांनी पाठ थोपटली. मी मात्र घाबरले, आणि अप्पांना न विचारता त्यांचं तिकीट रद्द केलं. "पुढच्या वर्षी या," म्हटलं.

उन्हाळा सरता सरता साथ ओसरली. दिवाळीआधी अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, विमानाचं नाव काढू नका.

आता मीच दरवर्षी घरी येते. अप्पांनी आयुष्यात कुणाला सोडलेलं नाही. दूध पातळ आलं की दूधवाल्याची, मीठ कमी पडलं की आईची खरडपट्टी. आता जीभ जड झालीय, तरी तेच चालतं. त्या तिकिटाबद्दल मात्र एक शब्द नाही. तुमच्यातल्या ज्या माझ्यासारख्या बाहेर गेल्या, त्या म्हणतात, जिथे कुणी जाब विचारत नाही ते घर. मला त्याचाच वैताग येतो. आमच्याकडे ओरडा फक्त आपल्या माणसांना बसतो, दूधवाल्यालासुद्धा. परवा दूधवाल्यावर तोंड टाकून झालं, तसे अप्पा माझ्याकडे वळले. मी वाट बघत उभी राहिले. त्यांनी आवाज खाली आणला आणि आईला म्हणाले, "पाहुणीला चहा टाक गं, लांबून आलीय."