त्याच गावातून त्याच गावाला

उभ्या भंडारा जिल्ह्यात आमच्या मोठ्या गुरुजींइतकं खरं बोलणारा माणूस झाला नाही, आणि इतकं खरं बोलूनही ज्याला लोक जेवायला बोलवत, असाही दुसरा झाला नाही. ही गोष्ट मी घरात इतक्यांदा सांगितली आहे की ‘मोठे गुरुजी’ एवढं म्हटलं तरी माझी मुलं ताट उचलून आत जातात. म्हणून आता लिहून ठेवतो. कागद उठून जात नाही.

सत्तरच्या दशकात मला नोकरी लागली ती लाखांदूरला एस.टी.तून उतरून पुढे दोन कोस चालावं लागणाऱ्या एका गावात. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, मध्ये तलाव आणि तलावाच्या पाळीखाली दोन मास्तरांची शाळा. तिसरी-चौथी त्यांच्याकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. ते मोठे गुरुजी, म्हणून मी आपोआप लहान गुरुजी. माझी उंची सहा फूट आणि त्यांची टोपीसकट सव्वापाच, पण गावानं एकदा ठरवलं की ठरवलं. अजून कोणी त्या भागातला भेटला की पन्नाशीतल्या माझ्याकडे मान वर करून बघतो आणि म्हणतो, “काय लहान गुरुजी, बरे आहा ना जी?”

मोठ्या गुरुजींकडे एक सायकल होती आणि ती ते हातात धरून चालवत. म्हणजे स्वतः पायी चालत आणि सायकललाही चालवत. कॅरिअरला हजेरीपट, दांडीला छत्री. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, “गुरुजी, बसत काहून नाही?” ते म्हणाले, “बसलं का घरं मागं जातात. मले घरं पाहाची राहतात.” कोणाच्या घरी कोण खाटेवर पडलं आहे, कोणाची पोरगी ढोरामागे गेली आहे, सगळं त्यांना शाळेत पोचायच्या आत ठाऊक असायचं. गावात सर्वांची पक्की समजूत होती की गुरुजींना सायकल येत नाही. माझीही होती, आणि मी ती दोन-तीन ठिकाणी रंगवून सांगितलीही होती.

पण त्यांचं खरं वेड म्हणजे वर्षअखेरची कार्डं. वार्षिक परीक्षा संपली, मोहफुलं वेचून झाली, तेंदूपानाला अजून वेळ आहे, अशा दिवसांत ते आपल्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या घरी पोस्टकार्ड लिहीत. त्याच गावात. शाळेच्या ओसरीवरून खडा मारला तर ज्या घराच्या कवेलूंवर पडेल, त्या घरालाही कार्ड. ते लिंबाच्या झाडाला ठोकलेल्या लाल पेटीत पडे, पोस्टमनच्या सायकलवरून लाखांदूरला जाई, तिथं त्यावर ठप्पा बसे, आणि तिसऱ्या दिवशी तोच पोस्टमन घामानं निथळत ते परत आणी. तो बिचारा दरवर्षी कुरकुरे, “गुरुजी, इथून हाक मारली तर तिथं आयकू येते, अन् तुमी मले एवढं फिरवून राहिले.” गुरुजींचं उत्तर ठरलेलं असे. “हाकेवर ठप्पा नाही राहत.” ज्या घरांना जन्मात कोणाचं पत्र येत नव्हतं, त्या घरांत वर्षातून एकदा सरकारी ठप्प्याचं पत्र यायचं आणि ते देवाच्या फोटोमागे खोचलं जायचं.

आणि ते पत्र वाचायचं कोणी, तर ज्याच्याबद्दल लिहिलं आहे त्यानंच. हा त्यांचा कायदा होता. मायबापांना अंगणात बसवायचं, पोरानं अनवाणी समोर उभं राहायचं, अक्षराखाली बोट ठेवून आपली कीर्ती आपल्याच तोंडानं वाचायची. गुरुजी दुसऱ्या दिवशी सायकल हातात घेऊन घरोघर जात आणि मायला विचारत, “काय खबर आली?” माय जे सांगेल त्यावरून पोराला वाचता येतं की नाही ते कळे. कार्डात गोड शब्द एक नसे. एकाच्या कार्डात त्यांनी लिहिलं होतं, ‘वर्गात झोपतो. घोरतो. बाकीच्यांची झोपमोड होते.’ त्या पोरानं बापापुढे उभं राहून, बोट न हलवता, ‘वर्गात पहिला येतो, बाकीच्यांना शिकवतो’ असं वाचलं. बापानं गुरुजींना चहाला थांबवून आभार मानले. गुरुजींनी पोराला पुन्हा वाचायला लावलं. पोरानं पापणी न हलवता तेच वाचलं. गुरुजी चहा संपवून म्हणाले, “वाचनात नापास. निबंधात पास.” आणि बापाला खरं काय लिहिलं आहे ते सांगून सायकल घेऊन निघाले. मागे काय झालं ते आवाजावरून कळत होतं.

मीही सुटलो नाही. माझ्या पहिल्या वर्षाच्या शेवटी भंडाऱ्याला माझ्या वडिलांना कार्ड गेलं. ‘चिरंजीव मनानं बरे आहेत. शिकवतात कमी, बोलतात जास्त. कोणी काही विचारलं की हो म्हणतात आणि मग पळतात.’ वडिलांनी कायदा पाळला आणि ते मला मोठ्यानं वाचायला लावलं, नेमके पाहुणे मला बघायला आले असताना. ते स्थळ गेलं. त्यानंतरच्या स्थळानं मात्र हे ऐकून मुलगी दिली. माझी बायको म्हणते, तिच्या वडिलांना फक्त पहिलंच वाक्य ऐकू आलं असावं.

त्या कार्डातलं शेवटचं वाक्य किती खरं आहे, हे मला पुढच्याच वर्षी कळलं.

माझी खोली ज्या अंगणाला लागून होती, त्या घरात सुमन नावाची मुलगी होती. तिसरीत असताना तिचं कार्ड आलं तेव्हा मी कुडाअलीकडून सगळं ऐकलं होतं. घरात वाचता येणारी ती एकटीच. ती इतकी हळू वाचायची की दोन अक्षरांच्या मध्ये कोंबडी अंगण ओलांडून जाई. ‘भागाकार’ शब्दाशी आली आणि अडली. “भा... गा...” मग बराच वेळ काही नाही. मायनं धीर दिला, “होऊ दे सावकाश, मले कोठी जाचं आहे?” मग एकदम “भागाकार” असं ओरडली आणि पुढे निघाली. मी कुडाअलीकडे हसलो होतो.

चौथीत गेली आणि कार्तिकात, धान कापायच्या दिवसांत, तिला ताप आला. घरचे सगळे बांधीत. दोन दिवस हिवताप म्हणून गेले, तिसऱ्या सकाळी ती कोणाला ओळखेना. बापानं दवाखान्यात न्यायला बैलबंडी जुंपली. ती बंडी शाळेसमोरून गेली तेव्हा मोठ्या गुरुजींनी खडू ठेवला, बाहेर आले, सायकल काढली आणि तिच्यावर बसले. पाळीवरच्या त्या अरुंद वाटेवरून छत्री पडली, टोपी पडली, पण ते थांबले नाहीत. बंडीच्या पुढे जाऊन डॉक्टरला वाटेतच आणायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. सगळं गाव तोंडात बोट घालून बघत राहिलं. गुरुजींना सायकल येत होती. उत्तम येत होती.

डॉक्टर आला, पण बंडी त्याला भेटली तेव्हा बापानं बैल थांबवलेले होते. बंडी परत फिरली. गुरुजी तिच्या बाजूनं सायकल हातात घेऊन चालत आले.

त्यानंतर हजेरीपटातून तिचं नाव कमी करायला हवं होतं. त्यांनी केलं नाही. रोज सकाळी ते तिचं नाव पुकारत, थांबत, आणि खूण करून पुढे जात. तपासणीला आलेले साहेब हजेरीपट बघून चिडले. “अहो, मेलेल्या मुलीची हजेरी घेता?”

“हजेरी नाही साहेब,” गुरुजी म्हणाले, “गैरहजेरी.”

साहेबांनी काय शेरा मारला ते मी वाचलं नाही. गुरुजींनीही वाचलं नाही.

चैत्र लागला, परीक्षा झाली. एका सकाळी मी विहिरीवर पाणी भरत असताना सुमनची माय आली. घागर खाली ठेवली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “लहान गुरुजी, औंदा आमच्या घरी येते का जी चिठ्ठी?”

मी म्हणालो, “येते ना. येते.” आणि माझी बादली तिथंच टाकून पळालो.

शाळेत जाऊन मी मोठ्या गुरुजींना सांगितलं. ते बराच वेळ दौतीत टाक फिरवत राहिले. मग एक कोरं कार्ड माझ्यापुढे सरकवलं. “हो तुमी म्हणलं. लिहा.”

मी लिहिलं, ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.’ ते म्हणाले, “हे पेपरातलं आहे. याच्यात पोरीची खबर कुठं आहे?” दुसऱ्या कार्डावर मी लिहिलं, ‘सुमन अतिशय हुशार होती.’ ते म्हणाले, “नव्हती. मध्यम होती. खोटं लिहाल तर तिची माय तेवढ्यात ओळखते. अन् मग बाकीचंही खोटं वाटते तिले.” तिसरं कार्ड त्यांनी माझ्याकडे दिलंच नाही. वर्गाची बाकीची कार्डं त्यांनी एका दुपारी लिहिली. या एकाला चार दिवस लागले. मग तेही त्यांनी लाल पेटीत टाकलं, इतरांसारखंच.

ज्या दिवशी ठप्पे बसून कार्डं परत आली, त्या दिवशी पोस्टमन सगळी वाटून शाळेत आला. एक कार्ड त्याच्या हातात उरलं होतं. “हे माझ्याच्यानं देणं होत नाही, गुरुजी,” तो म्हणाला. “बाई सकाळपासून दारात उभी आहे जी.”

“दे अन् जाय,” गुरुजी म्हणाले. “थांबू नको. आमी येतो.”

आम्ही गेलो तेव्हा ती कार्ड दोन्ही हातांत धरून अंगणात बसली होती. बाप कुडाला टेकून उभा होता, त्याला कुठं बघावं ते कळत नव्हतं. गुरुजींनी वहाणा काढल्या, टोपी काढून माझ्याजवळ दिली, आणि जिथं पोरं उभी राहतात तिथं जाऊन अनवाणी उभे राहिले. पन्नाशी उलटलेला माणूस. त्यांनी मायच्या हातून कार्ड घेतलं, पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागले. तार मास्तरापेक्षा वेगानं वाचणारा तो माणूस एकेक अक्षर लावून वाचत होता. मला आधी वाटलं डोळ्यांत पाणी आलं असेल. तसं नव्हतं. ते सुमनसारखं वाचत होते.

‘सु-मन. वर्ग चौथा. जूनपासून कार्तिकापर्यंत शाळेत आली. धान रोवण्याच्या दिवसांत आठ दिवस आली नाही, ते माफ आहे. कविता पाठ आहे, पण मोठ्यानं म्हणत नाही. भा... गा...’

ते थांबले. कोंबडी अंगण ओलांडून गेली. माय पुढे वाकून त्यांच्या बोटाकडे बघत होती.

‘...भागाकारात बाकी लिहायला विसरते. डब्यातले शिंगाडे शेजारणीला देते. पाटी थुंकीनं पुसते. घरी समजावावे.’

इथं माय हसली. खरंच हसली, तोंडावर पदर धरून. “लय सांगतलं जी तिले,” ती म्हणाली. “आयकतच नाही.”

गुरुजींनी शेवटची ओळ वाचली. ‘परीक्षेला गैरहजर. निकाल नाही.’ त्यांनी कार्ड परत तिच्या हातात दिलं. मी कुडाकडे तोंड करून त्यांची टोपी झटकत होतो. तिला काही धूळ लागलेली नव्हती.

त्यानंतर दरवर्षी निकालाच्या आठवड्यात ती ते कार्ड पदराखाली घेऊन शाळेत येई. गुरुजी हातातलं काम टाकून उठत, वहाणा काढत आणि वाचत. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही. एकोणीसशे ऐंशीनंतर ते निवृत्त झाले आणि सायकल हातात घेऊन आपल्या आसगावला गेले. जाताना चार्ज दिला, त्याची यादी अजून माझ्याकडे आहे. घंटा एक. नकाशा एक, भंडारा जिल्हा फाटलेला. खुर्च्या दोन, पैकी एकीला पाय तीन. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, ‘सुमनच्या घरचं कार्ड, दरवर्षी वाचणे.’ त्याखाली आम्ही दोघांनीही सही केली.

पुढच्या चैत्रात ती आली. केस पिकले होते, कार्डाच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. आता मीच मोठा गुरुजी, असं मी स्वतःला बजावलं, चपला काढल्या, उभा राहिलो. लवकर संपवावं म्हणून एका दमात वाचत सुटलो. शिंगाड्यांपर्यंत पोचलो तेव्हा तिनं हळूच हात वर केला.

“लहान गुरुजी,” ती म्हणाली, “तिथं थांबते जी पोरगी.”

मी मागच्या ओळीवर, ‘भा... गा...’वर आलो, बोट ठेवलं आणि थांबलो.