खारं पाणी कुठवर येतं

मुलांनो, परवा फोनवर तुमच्यातल्या धाकटीने विचारलं, नदी कुठून सुरू होते? तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

साठच्या दशकात मी माहीमच्या शाळेत भूगोल शिकवत होते. नकाशावर देशातल्या मोठ्या नद्या दाखवून मी हाच प्रश्न वर्गाला विचारला. एका मच्छीमाराची मुलगी म्हणाली, "समुद्रातून, बाई. आमी रोज बघतो."

मागचा मुलगा म्हणाला, "मग गंगा तुझ्या बापाच्या होडीतून आली असंल." सगळे हसले. त्यानंतर ती वर्गात बोलेनाशी झाली. अशा मुली हळूहळू शाळाच सोडतात, म्हणून मला काळजी वाटू लागली.

एके दिवशी भरतीची वेळ पाहून मी वर्गाला खाडीवर नेलं, नदी समुद्राला मिळते तिथे. पाणी खरोखरच समुद्राकडून आत येत होतं.

"ही खरं तेच सांगत होती," मी म्हटलं. "आता हे पाणी कुठवर जातं ते बघू."

आम्ही काठाने वर चालत, मधे मधे पाणी चाखत गेलो. आधी खारट, मग मचूळ लागलं. शेवटी तीच म्हणाली, "बाई, हितं गोड हाय. डोंगराकडून येतंय."

"मग तुझा समुद्र?" वर्गात तिला हसलेल्या त्या मुलाने विचारलं.

"तो पाव्हणा. येतो नि जातो."

दुसऱ्या दिवशी तिने आपण होऊन फळ्यावर गोदावरी काढली, डोंगरापासून समुद्रापर्यंत, आणि मुखाशी भरतीचा उलटा बाण.

शाळेची ती सहल अजून निघते. पाणी आता चाखण्याजोगं नाही, म्हणून खाऱ्या पाण्यातच वाढणारी तिवरांची झाडी संपते तिथवर मुलं चालत जातात.