ढगवाल्यांचा दुसरा फोन

शेजारच्या दारावरची पाटी कोणी वाचत नाही. अख्खी इमारत त्यांना ढगवाले म्हणते. नाव मी ठेवलं, आणि ते पाळण्यातल्या नावापेक्षा पक्कं बसलं.

नोकरी हवामान खात्यात. वादळी पाऊस कुठे कोसळेल, कुठल्या नाल्याला अचानक लोंढा येईल, याचा इशारा द्यायचा. इशारा दिला आणि लख्ख ऊन पडलं, की मी त्यांना जिन्यात गाठायचेच.

"काय हो भावजी, चादरी काढू, की अजून दोन वाळत घालू?"

"हसा, वहिनी. ढग तुमच्यासारखाच. येतो येतो म्हणतो आणि भलत्याच घरी जाऊन बसतो."

"मग खिडकीतून बघून सांगत जा की!"

"कचेरीतल्या खिडक्या झाकलेल्या असतात. उजेडात रडारच्या स्क्रीनवरचे पावसाचे रंग दिसत नाहीत."

"अगंबाई! म्हणजे आभाळवाल्यांनाच आभाळाचं वावडं!"

त्यांची थोरली बहीण आमच्याच इमारतीच्या तळघरात शिवणकाम करायची. मागे नाला. ताईंचं तोंड त्यांच्या कात्रीपेक्षा धारदार, पण याच बाईने भावाला शिकवलं, वाढवलं. त्यामुळे भावजींचा जीव सगळ्या शहरात विखुरलेला असला, तरी त्याची गाठ त्या तळघरात होती.

त्या दुपारी त्यांनी मोठा इशारा दिला. ताईंना स्वतः फोन केला. ताई फणफणत वर आल्या आणि माझ्याजवळ जिन्यात बसल्या.

"याच्या ढगांपायी माझी गिऱ्हाईकं पळणार. खाली शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे पडलेत."

"पडू द्या हो. गणवेश ओले झाले तर पोरं तुम्हाला दुवा देतील."

हसल्या. पाऊस धो धो होता. थोड्या वेळाने पुन्हा फोन वाजला. ताईंनी तो माझ्याही कानी पडेल असा धरला.

"ताई, जोर ओसरतोय. रंग फिके पडताहेत."

"म्हणजे जाऊ ना खाली? नीट सांग. मागच्यासारखं उगाच बसवून ठेवू नको."

भावजी म्हणाले, "जा. गठ्ठे तेवढे वर ठेव."

ताई मला डोळा मारून उतरल्या. "बघितलंत? रागावलं की याचा पाऊससुद्धा घाबरतो."

पाऊस ओसरला नव्हता. तो पसरत पसरत त्यांच्या कचेरीवरही आला होता. गच्चीवरच्या रडारचा घुमट भिजला, की त्याला लांबचा पाऊस फिका दिसतो. हे भावजींना पाठ होतं. नव्या लोकांना ते पहिल्याच दिवशी शिकवायचे. पडदा बोटभर सरकवला असता, तर काचेवरचं पाणी दिसलं असतं. पण त्या दिवशी त्यांना रंग फिके झालेले हवेच होते.

नाल्याचा लोंढा मागची भिंत फोडून तळघराच्या जिन्यात उतरला. दुकानाचं दार बाहेर उघडायचं. जिन्यात पाणी भरल्यावर ते कोण उघडणार? आम्ही वरून ओरडत राहिलो. आतून थापा येत होत्या. मग थांबल्या.

चौकशी झाली. भावजींवर ठपका नाही. इशारा मागे घ्यायला दुसऱ्या अधिकाऱ्याची संमती लागते, म्हणून तो शहरासाठी अखेरपर्यंत कायम होता. पाऊस ओसरल्याची बातमी साऱ्या शहरात एकाच माणसाला मिळाली. बहिणीला सांगायला कोणाची संमती लागते?

ते हल्ली घरीच असतात. जिन्यात भेटले, की मी मान खाली घालून सरकते. परवा त्यांनीच अडवलं.

"विचारत नाही तुम्ही काही."

सवयीने तोंडातून गेलंच, "चादरी वाळत घालू का, भावजी?"

ते जिन्यालगतच्या गॅलरीत गेले. हात बाहेर काढून बराच वेळ धरला. मग कोरडा तळवा मला दाखवला.

"आत्ता नाहीये पाऊस," म्हणाले. "संध्याकाळचं मला विचारू नका."