हाक ऐकू येईल असं मशीन

शिवणयंत्रांच्या दुकानदाराने आजवर नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. पण स्वतःच्या नवऱ्याला दुकानाच्या पार मागे, खोक्यांच्या आड उभं करून "आता आईंच्या आवाजात हाक मारा" असं सांगणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली.

नवरा बिचारा ओशाळला. केस पांढरे झालेला, चारचौघांत मान असलेला माणूस. "अगं, लोक बघतायत."

"बघू देत. मारा हाक. आणि जोरात नको हं, आईंना जेवढा आवाज उरलाय तेवढ्याच आवाजात."

खोक्यांआडून खोल विहिरीतून आल्यासारखं "अगं ए..." आलं. तिने पायाखालचं बटण दाबलं, मशीन घर्रकन सुरू झालं आणि हाक त्यात बुडाली ती बुडालीच.

"हे नको," ती म्हणाली. "पुढचं दाखवा."

या बाईला घरात सगळे 'धाकटी' म्हणत. धाकटी सून म्हणून घरात आली, तेव्हापासूनचं ते नाव. पुढे ती स्वतः सासू झाली तरी ते सुटलं नाही. तिच्या सासूबाईंना गेल्या थंडीत अर्धांगाचा झटका आला. डावा हात लुळा पडला आणि आवाज तर असा बसला, की दाराशी उभ्या असलेल्या माणसालाही कान द्यावा लागे. म्हणून धाकटीचा एक कान सदा त्या खोलीकडे असायचा. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, अगदी देवाचं नाव घेतानासुद्धा.

सासूबाई म्हणजे साधीसुधी असामी नव्हे. टपालकचेरीच्या खिडकीशी बसून त्यांनी सारी नोकरी काढली. कडक इस्त्री, ताठ कॉलर, शाईचा एक डाग नाही. अशा बाईला आता इस्पितळातला तो पाठीवर उघडा, नाड्यांचा झगा घालून पडावं लागत होतं, कारण लुळा हात वर करून कुठल्याही बाहीत घालणं म्हणजे त्यांच्या जिवाला मरणयातना. त्या तक्रार करत नव्हत्या. फक्त कोणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करत.

त्यात त्यांच्या धाकट्या भावाचा निरोप आला. फार लांबच्या गावी राहणारा, गुडघ्यांनी टेकीला आलेला माणूस. म्हणाला, ताईला एकदा बघून जातो, पुन्हा प्रवास झेपेलसं वाटत नाही.

सासूबाईंनी ऐकलं आणि डोळे मिटले. "त्याला सांगा, येऊ नको. या अवतारात मी कोणाला भेटणार नाही."

"अहो, पण तो तुमचा सख्खा भाऊ!"

"म्हणूनच."

त्या एका शब्दाने धाकटीच्या मनात घर केलं. 'येऊ नको' हा निरोप काही तिने पाठवला नाही. भाऊ येणार आणि बहीण भिंतीकडे तोंड करून पडणार? मग पुढे भेट व्हायची कधी? हात वर न करता घालता येईल असा कपडा शिवून घ्यावा म्हणून शिंप्याकडे जाऊन पाहिलं, तर तो म्हणाला, अंगावर माप घेतल्याशिवाय असलं काही जमायचं नाही. आणि सासूबाई तर धाकटीखेरीज कोणाला अंगाला हात लावू देत नव्हत्या. संध्याकाळी तिने डोळे मिटून प्रार्थना केली, उठली आणि नवऱ्याला म्हणाली, "मी शिवणार."

"तू? तुला बटण लावता येतं, तेही वाकडं."

"वाकडं तर वाकडं. आजवर तुटलंय का?"

म्हणून हे दुकान आणि म्हणून ही परीक्षा. दुकानदार फुलांच्या टिपा दाखवत होता, वेलबुट्टी दाखवत होता, आपोआप सुईत दोरा ओवणारं काहीबाही दाखवत होता. धाकटी प्रत्येकाला एकच गोष्ट विचारत होती आणि खोक्यांआडून नवरा इमानाने "अगं ए" करत होता. अखेर दुकानदाराने खालच्या फळीवरून धूळ झटकत एक काळं, बुटकं हातमशीन वर काढलं.

"ताई, हे आता कोण घेतं? शोभेला ठेवायला नेतात लोक. उजव्या हाताने चाक फिरवायचं, कापड सांभाळायला एकटा डावा हात. वैतागाल."

धाकटीने दांडा धरून चाक फिरवलं. टक्, टक्, टक्, टक्. आणि त्या टकटकीच्या फटींतून, अगदी स्पष्ट, "अगं ए... आता येऊ का बाहेर?"

"या," ती हसून म्हणाली. "मिळालं."

मशीन सासूबाईंच्या पलंगाशेजारी, खिडकीपाशी ठेवलं. आधी जुन्या चादरींवर हात बसवायचा असं ठरलं. पुसायची फडकी शिवली, त्यांच्या कडा सापासारख्या वळल्या. मग उशीचा अभ्रा घेतला. हा मात्र छान सरळ आला. टीप अशी धावली की धाकटीचं भान हरपलं. चारही बाजू नेटाने शिवून तिने तो अभिमानाने उचलून धरला.

भिंतीकडे तोंड असलेल्या सासूबाईंनी मान वळवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आता उशी घालायची कुठून? मंत्र म्हणून?"

धाकटीने अभ्रा उलटापालटा केला आणि कपाळावर हात मारला. दोघी हसल्या. झटका आल्यापासून त्या खोलीत कोणी हसलं नव्हतं. सासूबाईंचं हसू एका बाजूने वाकडं आलं, पण आलं. धाकटीने तो अभ्रा उसवलाच नाही, तसाच घडी करून कपाटात ठेवला.

पुढचं काम खरं. निळ्या बारीक फुलांचं मऊ सुती कापड आणलं. तिने मनाशी आखलं ते असं: हात वर करायलाच लावायचा नाही. कपडा उजव्या हातातून आणि डोक्यावरून चढवायचा आणि डाव्या खांद्यापासून बाहीच्या टोकापर्यंत वरून उघडा ठेवून टिचबटणांनी मिटवायचा. सासूबाई आडव्या पडलेल्या असतानाच तिने मापं घेतली, मनगटापासून मानेपर्यंत, हळूहळू, जिथे दुखेल तिथे थांबत.

पहिला झगा तयार झाला. तो सासूबाईंच्या अंगावर चढवण्याआधी तिने दुपारी दार लोटून घेतलं, स्वतः घातला आणि शेजारच्या रिकाम्या पलंगावर उताणी पडून राहिली. जराही हलली नाही. नवरा पाण्याचा तांब्या घेऊन आत आला, आईच्या नावाने शिवलेल्या झग्यात बायको पडलेली पाहून त्याचा तांब्याच हातातून सुटायचा राहिला.

"काय झालं तुला?"

"टोचतंय," धाकटी छताकडे बघत म्हणाली. "पाठीखाली शिलाई टोचतेय. आपण कूस बदलतो म्हणून कळत नाही. त्यांना कूसही बदलता येत नाही."

त्याच दिवशी तिने सगळी शिलाई उसवली आणि उलटी घातली. जाड कडा बाहेर, गुळगुळीत बाजू आत. समोरच्या वहिनी डोकावल्या नि तोंडाला पदर लावून हसल्या. "अगो बाई, सगळं उलटंच शिवलंस की!" धाकटीने नुसतं "हो" म्हटलं आणि चाक फिरवत राहिली. आपलं काय चाललंय ते आपल्याला ठाऊक असलं की माणूस किती कमी बोलतं! तिच्याकडे बघून हे कळावं.

पण देव परीक्षा घेतो म्हणतात ती पुढेच होती. भाऊ उद्या यायचा, गाडीत बसल्याचा निरोपही आलेला. सासूबाईंना झगा घातला, हात न दुखता चढला, टिचबटणं टचाटच लागली. दोघांनी धरून त्यांना खुर्चीत बसवलं, आणि गळा मागे खेचला जाऊन थेट घशाशी आला. पुढचा घोळ गुडघ्यांवर चढला.

"गळा आवळतेस का काय माझा?" सासूबाई घुसमटल्या. मग त्यांचा चेहरा विझला. "राहू दे. मला आडवी करा. आणि तो आला की सांगा, ताईला झोप लागलीय."

चूक साधी होती आणि तिची स्वतःचीच. मापं घेतली आडव्या बाईची, भेटायचं होतं बसलेल्या बाईला. पाठ वाकली की कापड जास्त लागतं आणि खालचं कापड तर त्यांच्याच वजनाखाली अडकून बसलेलं. नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, तू तुझ्याकडून केलंस." धाकटीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती जमिनीवर बसून खुर्चीकडे बघत होती.

"आई, अजून थोडं बसाल?"

"कशाला?"

"बसतो तिथे कापड हवंच कशाला, ते बघते."

तिने बसलेल्या सासूबाईंच्या पाठीवर खडूने रेघ ओढली. बूड खुर्चीला टेकतं तिथपर्यंत कापड ठेवायचं, त्याखालचं कापून टाकायचं. मानेमागे एक पट्टी वाढवायची. मागून निघालेलं कापड पुढे जोडून घोळ पावलांपर्यंत न्यायचा.

"मागे उघडं?" सासूबाईंनी उजव्या हाताने झगा घट्ट धरला.

"पाठ सगळी झाकलेली, आई. नुसतं बुडाखालचं काढलं. खाली पायजमा आहेच आणि त्याखाली खुर्ची. तुमच्या भावाला काय खुर्चीच्या खालून बघायचंय?"

सासूबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. झगा उतरवून त्यांना आडवं केलं, पण या वेळी तोंड भिंतीकडे नव्हतं. मशीनकडे होतं. चाक फिरत होतं, टक्, टक्, आणि मधेच बारीक हाक आली, "अगं ए."

धाकटीचा हात तिथल्या तिथे थांबला. "काय आई?"

"कापड उरलंय ना? खिसा ठेव. उजव्या बाजूला."

"खिसा कशाला?"

"ठेव म्हटलं की ठेवावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आले. काठी टेकत, धापा टाकत. दारातच थबकले. खिडकीपाशी खुर्चीत त्यांची ताई बसली होती. पाठ शक्य तेवढी ताठ, केस विंचरलेले, निळ्या फुलांचा झगा पावलांपर्यंत, गळ्याशी कॉलर. कॉलर धाकटीने सकाळी उठून हाताने लावली होती, आणि ती थोडी वाकडी होती.

मामांची हयात कापडाच्या दुकानात गेलेली. डोळे पुसून झाल्यावर त्यांची नजर बाहीवर गेली. "ताई, ही शिलाई उलटी..."

"उलटी नाही," सासूबाई म्हणाल्या. "आतून असली तर पाठीला टोचते. मुद्दाम घातलीय." आणि थोडं थांबून, "मीच सांगितलं तिला तसं."

दाराशी उभ्या धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा काही बोलणार तोच तिने त्याचा हात दाबला. सासूबाईंना असं मिरवताना कोणी पाहून किती दिवस झाले होते! श्रेयाचं काय घेऊन बसायचं?

मामा खाली बसले. सासूबाईंनी उजवा हात खिशात घातला, बराच वेळ चाचपला आणि संत्र्याची एक गोळी काढून भावाच्या तळहातावर ठेवली. लहानपणी शाळेच्या वाटेवर रोज त्या अशीच देत. मामांना गोळीचा कागद काही केल्या सोडवेना. शेवटी ताईनेच एका हाताने आणि दातांनी तो सोडवून दिला. सासूबाईंनी गोळ्या सकाळीच मुलाकडून मागवून घेतल्याचं धाकटीला तेव्हा कळलं.

दोन्ही भावंडं दुपारभर बोलत बसली. खरं तर मामा बोलत होते आणि सासूबाई अधूनमधून त्यांच्या चुका काढत होत्या.

मामा गेले. धाकटीने नवं कापड अंथरलं. बातमी पसरायला वेळ लागत नाही. समोरच्या वहिनी पुन्हा आल्या, या वेळी न हसता. त्यांच्या वडिलांचा खांदा निखळला होता. त्यांच्यासाठी तसा सदरा होईल का, उलट्या शिलाईचा? धाकटी म्हणाली, होईल, पण मापं बसवून घेऊ. मग तिने देवाचं नाव घेतलं आणि चाक फिरवायला घेतलं.

टक्, टक्, टक्.

"अगं ए."

"काय आई?"

"त्यांचा मग शिव. आधी माझा दुसरा. हा धुवायला टाकला तर मी काय घालू? आणि खिसे दोन ठेव."